पाव डॉलरात प्रत्येक दार: अमेरिकी टपालखात्याच्या ‘एव्हरी डोअर डायरेक्ट मेल’चं परीक्षण

डेकेअर, दातांचा दवाखाना, नवं उडुपी हॉटेल, टॅक्स भरून देणारं ऑफिस, गणिताचे क्लास. अमेरिकेत यांतलं काहीही चालवणाऱ्या मराठी माणसाला एक प्रश्न हमखास पडतो: आजूबाजूच्या हजार-दोन हजार घरांना आपण इथे आहोत हे कळवायचं कसं? इंटरनेटवरच्या जाहिरातीत पैसा कुठे झिरपतो ते कळत नाही, आणि मराठी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तीच दोनशे माणसं पुन्हा पुन्हा भेटतात. टपालखात्याची, म्हणजे यूएसपीएसची, ‘एव्हरी डोअर डायरेक्ट मेल’ ही सेवा नेमकी या कामासाठी २०११ साली सुरू झाली. लघुरूप ईडीडीएम. नाव नको, पत्ता नको, यादी विकत घ्यायला नको. नकाशावर रस्ते निवडायचे, तेवढी कार्डं छापायची, जुड्या बांधून पोस्टात द्यायच्या. पोस्टमन त्या रूटवरच्या, म्हणजे त्याच्या ठरलेल्या फेरीवरच्या, प्रत्येक मेलबॉक्समध्ये एकेक टाकत जातो.

निकाल आधीच सांगून टाकतो. ज्याचं गिऱ्हाईक भूगोलाने ठरतं, त्याच्यासाठी ही सेवा उत्तम आहे. ज्याचं गिऱ्हाईक भाषेने किंवा समाजाने ठरतं, त्याच्यासाठी ती महागडी आहे. आणि ती वापरताना तुम्ही मोजलेल्या पाव डॉलरात आणखी एक गोष्ट घडते, जिच्याकडे फारसं कुणी पाहत नाही. ती खाली सविस्तर येईल, कारण या सेवेची किंमत तिच्याशिवाय कळत नाही.

आपल्याकडे हे काम कोण करतं, तर पेपरवाला. पुण्या-मुंबईत पहाटे डेपोवर पेपरच्या गठ्ठ्यांत हँडबिलं भरली जातात आणि चहाच्या कपाबरोबर ती घरात येतात. पैसे विक्रेत्याला मिळतात, टपालखात्याला काही नाही. अमेरिकेत तो मार्ग जवळपास बंद झालाय, कारण घरी छापील पेपर घेणारी माणसं कमी झाली. मग स्वतःच हिंडून पत्रकं मेलबॉक्समध्ये टाकली तर? तसं करता येत नाही. पोस्टेज न भरलेला कागद दुसऱ्याच्या मेलबॉक्समध्ये टाकणं हा १९३४ पासून संघराज्याच्या कायद्याने गुन्हा आहे, आणि १९८१ साली सर्वोच्च न्यायालयानेही तो कायदा उचलून धरला. डबा घरमालकाने स्वतःच्या पैशाने लावलेला असतो, पण त्यात काय पडायचं ते टपालखातं ठरवतं. दाराच्या मुठीला पत्रक अडकवता येतं, पण बऱ्याच वसाहतींत त्यालाही मनाई असते. नवीन आलेले लोक अजाणता कॉलेजच्या पोरांना पाठवून मेलबॉक्स भरतात आणि मग पोस्टातून फोन येतो: इतक्या नगांचं पोस्टेज भरा.

आता प्रत्यक्ष वापराकडे येऊ.

यूएसपीएसच्या संकेतस्थळावर खातं उघडलं की नकाशाचं साधन मिळतं. झिप कोड, म्हणजे तिथला पिन कोड, टाकला की त्या भागातले सगळे रूट रंगीत रेषांनी दिसतात. रूटचा नंबर झिपच्या पुढे एक इंग्रजी अक्षर आणि तीन आकडे असा असतो. ‘सी’ म्हणजे शहरातला रूट, ‘आर’ म्हणजे ग्रामीण, ‘एच’ म्हणजे कंत्राटी गाडीवाल्याचा, ‘बी’ म्हणजे पोस्टातल्या पेट्यांचा. रूटवर बोट ठेवलं की घरं किती, दुकानं-ऑफिसं किती आणि पोस्टेज किती हे लगेच दिसतं. फक्त घरं हवीत की घरं अधिक धंदे, एवढी निवड हातात असते. रूट घेतला की तो अख्खा घ्यावा लागतो. अर्धा रस्ता नको, अमुक बिल्डिंग वगळा, असं म्हणता येत नाही. वय, उत्पन्न आणि घरातली माणसं यांच्या चाळण्याही आहेत, पण त्या जनगणनेच्या आकडेवारीवरच्या सरासरी आहेत. एका रूटवर नवे महागडे टाउनहाउस आणि जुन्या भाड्याच्या खोल्या शेजारीशेजारी असल्या तर सरासरीला अर्थ उरत नाही. म्हणून रूट नक्की करण्याआधी गाडी काढून एकदा तिथून फिरून यावं. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि ते न करणं ही बहुतेकांची पहिली चूक असते.

एका दिवसात एका झिप कोडसाठी किमान २०० आणि कमाल ५,००० नग अशी ‘रिटेल’ प्रकाराची मर्यादा आहे. त्याला परमिट लागत नाही, वार्षिक फी नाही. ५,००० च्या वर जायचं असेल किंवा अनेक गावांत एकदम पाठवायचं असेल, तर परमिट घेऊन घाऊक टपालाच्या खिडकीवरून जावं लागतं. दर किंचित कमी पडतो, कागदपत्रं बरीच वाढतात. एका दुकानासाठी रिटेलच पुरे.

सगळ्यात जास्त नुकसान होतं ते आकारात. इथे जरा थांबून वाचा.

टपालखात्याच्या भाषेत ईडीडीएमचा नग ‘फ्लॅट’ असावा लागतो, म्हणजे साध्या पत्रापेक्षा मोठा. तीन अटींपैकी एक तरी पुरी व्हायला हवी: लांबी १०.५ इंचांपेक्षा जास्त, किंवा उंची ६.१२५ इंचांपेक्षा जास्त, किंवा जाडी पाव इंचापेक्षा जास्त. वरची मर्यादा १५ बाय १२ इंच, पाऊण इंच जाडी आणि ३.३ औंस, म्हणजे साधारण ९३ ग्रॅम वजन. कागदावर सोपं वाटतं. पण छापखान्यातलं सर्वांत खपाचं कार्ड ६ बाय ९ असतं, आणि ते इथे बसत नाही. उंची ६, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाने कमी, आणि लांबी ९. दोन्हीकडून नापास. ६.५ बाय ९ घेतलं की पास. ६ बाय ११ पास, कारण लांबी १०.५ च्या वर गेली. ४.२५ बाय ११ ही लांबट पट्टीसुद्धा पास, आणि तीच बऱ्याचदा सर्वांत स्वस्त पडते.

हॉटेलवाले हमखास फसतात ते मेन्यूत. साधा लेटर आकाराचा, साडेआठ बाय अकराचा कागद दोन्हीकडून छापला आणि मधोमध घडी घातली की तो ८.५ बाय ५.५ होतो. माप घडी घातल्यानंतरचं धरतात. लांबी साडेआठ, उंची साडेपाच, नापास. तीन घड्यांचा मेन्यू तर आणखी लहान. तोच कागद घडी न घालता जाड आर्टकार्डवर छापला तर चालतो. घडी हवीच असेल तर ११ बाय १७ चा कागद घेऊन तो ८.५ बाय ११ वर आणावा. दोन हजार मेन्यू घडी होऊन आल्यावर पोस्टाच्या खिडकीवर पट्टी लावून ते परत केले, असं घडलं की छपाईचा सगळा खर्च पाण्यात. फाइल छापखान्यात जायच्या आधी त्याच मापाचा कोरा तुकडा कापून, हवी तशी घडी घालून, पोस्टात नेऊन दाखवावा. पाच मिनिटं लागतात.

कार्डाच्या एका बाजूला दोन गोष्टी अनिवार्य आहेत. वरच्या उजव्या कोपऱ्यात पोस्टेज भरल्याची चौकट, आणि वरच्याच अर्ध्या भागात पत्त्याऐवजी ‘लोकल पोस्टल कस्टमर’ ही ओळ. चौकट किमान अर्धा इंच लांब-रुंद हवी. तिच्यात ‘पीआरएसआरटी एसटीडी’, ‘ईसीआरडब्ल्यूएसएस’, ‘यू. एस. पोस्टेज पेड’ आणि ‘ईडीडीएम रिटेल’ अशा ओळी असतात. यातली दुसरी ओळ म्हणजे पोस्टमनच्या पायवाटेच्या क्रमाने, प्रत्येक दारी, अशी खूण. पहिल्या ओळीतलं ‘एसटीडी’, म्हणजे ‘स्टँडर्ड’, हे या टपालाचं जुनं नाव. २०१७ च्या जानेवारीत ‘स्टँडर्ड मेल’चं ‘मार्केटिंग मेल’ झालं, चौकटीत जुनं नाव तसंच राहिलं. चूक होते ती छापखान्याने दिलेल्या तयार साच्यात. काही साच्यांत परमिटवाल्यांची चौकट असते, आणि ‘ईडीडीएम रिटेल’ ही ओळ नसलेलं कार्ड रिटेलच्या खिडकीवर घेत नाहीत. बाकीचं कार्ड तुमचं. त्यावर मराठीत, देवनागरीत काहीही छापा. ही दोन ठिकाणं तेवढी इंग्रजीत आणि ठळक ठेवा.

रूट निवडून पैसे भरले की साधन दोन कागद तयार करून देतं. एक फॉर्म ३५८७, म्हणजे या टपालाचं विवरण. दुसरा प्रत्येक जुडीवर लावायच्या चिठ्ठ्यांचा, ज्यांना फेसिंग स्लिप म्हणतात. कार्डांच्या ५० ते १०० च्या जुड्या बांधायच्या, एका जुडीत एकाच रूटची कार्डं, आणि वर चिठ्ठी: झिप, रूट, या जुडीत किती, एकूण जुड्या किती. समजा रूटवर ६१२ दारं आहेत. शंभर-शंभरच्या सहा जुड्या केल्या तर शेवटी १२ कार्डांची पातळ जुडी उरते, रबरबँड सैल बसतो, आणि अशाच जुड्या ट्रेमध्ये घसरून दुसऱ्या रूटमध्ये मिसळतात. त्यापेक्षा ९० च्या सहा आणि ७२ ची एक करा. गुळगुळीत लॅमिनेटची कार्डं एकमेकांवरून सरकतात, त्यांना लांबीतून एक आणि रुंदीतून एक असे दोन रबरबँड लावावे. मोजायला वेळ जात असेल तर अचूक शंभर कार्डं किचनच्या डिजिटल काट्यावर ठेवून वजन घ्या आणि पुढच्या जुड्या वजनावर बांधा. जाड कार्डाला ही रीत चोख चालते.

छपाईची संख्या रूटच्या आकड्यापेक्षा तीनएक टक्के जास्त ठेवा. कोपरे दुमडलेली कार्डं निघतात, आणि साधनातले आकडे वेळोवेळी बदलतात. महिन्याभरापूर्वीचा आकडा धरून छापलं आणि मधल्या काळात नवी इमारत राहती झाली, तर कार्डं कमी पडतात.

द्यायचं कुठे, हा आणखी एक खड्डा. घराजवळच्या पोस्टात नाही. ज्या पोस्टातून त्या रूटचा पोस्टमन निघतो, तिथेच. पत्ता फॉर्मवर छापलेला असतो. एकाच गावात दोन-तीन पोस्टं असतात आणि घाईत माणूस सवयीच्या खिडकीवर जातो. शक्यतो सकाळी गर्दीच्या आधी जावं. खिडकीवरचा माणूस जुड्या मोजतो, एखादी सोडून तपासतो, पावती देतो. पावती जपून ठेवा, कारण या सेवेत पुढे काहीच कळत नाही. ट्रॅकिंग नाही, कार्ड पोहोचलं असं कुणी कळवत नाही, उरलेलं परतही येत नाही. कार्डं खरंच पोहोचली का, हे पाहायचा साधा उपाय एकच: रूट निवडतानाच ओळखीचं एक घर त्यात येईल असं पाहायचं. जितके रूट, तितकी घरं. त्यांना फक्त सांगून ठेवायचं की कार्ड आलं की फोटो पाठवा.

पोस्टात दिल्यावर साधारण काही दिवसांत वाटप होतं, पण ठरावीक तारखेची हमी नाही. पोस्टमनच्या पिशवीत पत्रं आणि पार्सलं आधी, हे नंतर. म्हणून कार्डावर ‘या शनिवारी उद्घाटन’ असं छापू नये. किमान दहा दिवसांची मोकळीक ठेवावी. सम वर्षांत निवडणुका असतात आणि ऑक्टोबरच्या मध्यापासून प्रचाराच्या कार्डांनी ट्रे भरून वाहतात. २०२६ साली मतदान ३ नोव्हेंबरला आहे आणि लक्ष्मीपूजन ८ नोव्हेंबरला. दिवाळी फराळाची किंवा दिवाळी सेलची कार्डं त्या वर्षी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यातच पोस्टात द्यावी. नाहीतर ती उमेदवारांच्या चकचकीत फोटोंखाली दबतील, किंवा पाडव्यानंतर पोहोचतील. गणेश चतुर्थी त्या वर्षी १४ सप्टेंबरला आहे, तेव्हा एवढी गर्दी नसते.

आता कुणासाठी आणि कुणासाठी नाही. नकाशात भाषेची किंवा देशाची चाळणी नाही, आणि नसावी हेच बरं. त्यामुळे उकडीच्या मोदकांची ऑर्डर, मराठी शाळेची नोंदणी, नाटकाची तिकिटं यांसाठी ईडीडीएम वापरू नये. न्यू जर्सीत एडिसन किंवा इझेलिनसारख्या भारतीय वस्तीच्या ठिकाणीही एका रूटवर मराठी घरं मोजकीच निघतात. त्यांच्यापर्यंत पोहोचायला मंडळाचा अंक आणि किराणा दुकानातला फळा जास्त कामाचा. पण दात सगळ्यांना असतात, मुलं सगळ्यांना सांभाळायला द्यायची असतात, आणि चांगला डोसा कुणालाही आवडतो. तिथे प्रत्येक दार उपयोगाचं.

हिशेब मांडू. तीन रूट, १,८४० दारं. २०२५ च्या जुलैतल्या दरवाढीनंतर रिटेलचा दर पाव डॉलरच्या जवळ आला, म्हणजे पोस्टेज साधारण ४६० डॉलर. छपाई ३०० डॉलर धरली तर ७६०. समजा जाहिरात जेवणाच्या डब्यांची आहे. एका गिऱ्हाइकामागे महिन्याला खर्च वजा जाता ८० डॉलर सुटत असतील, तर पहिल्याच महिन्यात पैसे वसूल व्हायला दहा गिऱ्हाइकं लागतात, म्हणजे दर १८४ दारांमागे एक. डेकेअरला किंवा दवाखान्याला दोन-तीन पुरतात. पाच डॉलरच्या वडापाववर हा हिशेब बसत नाही, तिथे कार्डावर परत परत येण्याची काही तरी योजना हवी. एकदाच पाठवून गप्प बसू नये. तेच रूट, तेच कार्ड, तीन-चार आठवड्यांनी पुन्हा. पहिल्यांदा लोक फक्त नाव पाहतात.

आता त्या पाव डॉलरात आणखी काय घडतं ते.

साध्या पत्राचं तिकीट त्याच जुलैत ७८ सेंटवर गेलं. मग तुमचं कार्ड, तेही आकाराने मोठं, त्याच्या एक तृतीयांश किमतीत कसं जातं? कारण त्या कार्डासाठी टपालखात्याला फारसं काही करावंच लागत नाही. पत्र पेटीतून उचलायचं, शिक्का मारायचा, यंत्राने पत्ता वाचायचा, ट्रकने दुसऱ्या राज्यात न्यायचं, पुन्हा छाटायचं, मग पोस्टमनच्या हातात. ईडीडीएमची जुडी तुम्ही स्वतः, मोजून, रूट लावून, थेट त्या पोस्टमनच्या पोस्टात आणून देता. उरतं शेवटचं पाऊल, आणि ते पाऊल पोस्टमन टाकणारच असतो. यूएसपीएसची १६ कोटी ७० लाखांहून जास्त पोहोचठिकाणं आहेत आणि तिथे आठवड्यातून सहा दिवस जायचं बंधन आहे. पिशवीत पत्र असो वा नसो, पगार, गाडी, पेट्रोल तेवढंच. त्या ठरलेल्या फेरीत एक कार्ड वाढलं तर खर्च किंचित वाढतो आणि येणाऱ्या पाव डॉलरातला मोठा वाटा फेरीच्या खर्चाला लागतो. सगळं जाहिरात टपाल असं नसतं. जाड कॅटलॉग बरीच वर्षं स्वतःचा खर्चही भरून काढत नाहीत आणि टपाल नियामक आयोग दरवर्षी त्यावर बोट ठेवतो. प्रत्येक दारी जाणारं हे पातळ कार्ड मात्र खर्च भागवून वर काही ठेवून जातं.

रकमा लहान नाहीत. २०२३ च्या आर्थिक वर्षात यूएसपीएसने सुमारे ११६ अब्ज नग वाहिले. त्यांतले ५९ अब्जांहून जास्त मार्केटिंग मेल, म्हणजे निम्मं टपाल जाहिरातीचं. त्यातून आले सुमारे १५ अब्ज डॉलर, ७८ अब्जांच्या एकूण उत्पन्नाचा जवळपास पाचवा हिस्सा. रोजच्या कामकाजासाठी या खात्याला साधारणपणे करातून पैसे मिळत नाहीत. १९७० च्या कायद्याने ते मंत्रिमंडळातल्या खात्याऐवजी सरकारचीच स्वायत्त संस्था झालं, आणि १९८० च्या दशकापासून तिकिटं, पार्सलं आणि जाहिराती यांवरच ते जगतं. ग्रँड कॅन्यनच्या तळाशी सुपाई गावात आजही टपाल खेचरांच्या पाठीवरून उतरतं. माजी सैनिकांची बहुतेक औषधं टपालाने घरी जातात, मतपत्रिकाही जातात. ती खेचरं आणि ती फेरी चालू ठेवण्यात पिझ्झाच्या कूपनचा आणि तुमच्या डेकेअरच्या कार्डाचा हात आहे. रोज डबा उघडून ‘जंक’ म्हणत कागद फेकणाऱ्याला हे सांगितलं तर पटत नाही, पण हिशेब असाच आहे.

आपल्या टपालखात्यानेही हे करून पाहिलंय. २००२ साली आलेलं मेघदूत पोस्टकार्ड आठवत असेल. साधं कार्ड ५० पैशांना, मेघदूत २५ पैशांना, कारण पत्त्याच्या बाजूला जाहिरात छापलेली असे आणि जाहिरातदार पैसे भरत असे. कल्पना सुरेख होती. पण एका साध्या पोस्टकार्डामागे खात्याला १२ रुपयांच्या वर खर्च येतो, असं त्याच्याच वार्षिक अहवालात नंतर छापून आलं. वसुली ५० पैसे. एवढ्या मोठ्या भोकाला कार्डावरची जाहिरात किती ठिगळ लावणार? बिनपत्त्याची पत्रकं वाटणारी ‘डायरेक्ट पोस्ट’ सेवाही आपल्याकडे आहे, पण पेपरवाल्याच्या हँडबिलापुढे ती रुजली नाही. अमेरिकेत ती रुजली याचं एक मोठं कारण तो मेलबॉक्सचा कायदा. शेवटच्या पावलाची मक्तेदारी टपालखात्याकडे आहे, म्हणून त्या पावलाचे पैसे त्यालाच मिळतात.

आता तक्रार. दर. पाच-सात वर्षांपूर्वी हा नग २० सेंटच्या आत जात होता. २००६ च्या कायद्याने दरवाढ महागाईच्या आकड्याला बांधलेली होती. २०२० च्या अखेरीस नियामक आयोगाने ती गाठ सैल केली, आणि २०२१ च्या ऑगस्टपासून दर भराभर चढले, काही वर्षं तर वर्षातून दोनदा. खात्याची अडचण खरी आहे. पण पत्र लिहिणाऱ्याला दुसरी वाट नसते, जाहिरातदाराला असते. २००७ च्या सुमारास एकूण जाहिरात टपाल वर्षाला १०० अब्ज नगांच्या वर होतं. २०२० मध्ये करोनाने दुकानं बंद पडली तेव्हा एकाच वर्षात ते सुमारे ७५ अब्जांवरून ६४ वर घसरलं आणि पुन्हा त्या पातळीवर आलं नाही. कार्ड गेलं तरी पोस्टमनची फेरी कमी होत नाही. दारं तर दरवर्षी दहा लाखांहून जास्त वाढतात. म्हणजे तोच खर्च उरलेल्या पत्रांवर पडतो, तिकीट आणखी महागतं, आणखी लोक जातात. लहान दुकानदारासाठी निदान वर्षभराचा दर स्थिर ठेवला असता, तर त्याने तीन फेऱ्यांचा बेत आधीच आखला असता. आज बहुतेक जण एकदा पाठवून थांबतात.

घेणाऱ्याच्या बाजूनेही एक उणीव आहे. नाव-पत्त्याने येणारी जाहिरात थांबवता येते. १९७० सालीच सर्वोच्च न्यायालयाने तो हक्क मान्य केला आणि त्यासाठी फॉर्म १५०० आहे. पण ईडीडीएमवर नावच नाही, तर थांबवायचं काय? कॅनडात लोक ‘फ्लायर नको’ अशी चिठ्ठी लावतात आणि पोस्टमन डब्याच्या आत लाल ठिपका चिकटवतो. तिथल्या टपालखात्यालाही हाच पैसा लागतो. २०२५ च्या सप्टेंबरात कर्मचारी संघटनेने दबाव आणायचा ठरवला तेव्हा सर्वांत आधी हे बिनपत्त्याचे फ्लायर वाटणं बंद केलं, पत्रं आणि पार्सलं नाही. तरीही तिथे नको म्हणायची सोय आहे, अमेरिकेत नाही. ती असावी. ज्याला कार्ड नकोच आहे, त्याच्या दारी पाव डॉलर खर्च करण्यात दुकानदाराचाही फायदा नाही.

पर्यायांबद्दल थोडक्यात. कूपनांच्या निळ्या-पांढऱ्या लिफाफ्यात जागा घेतली तर दर दारामागे स्वस्त पडतं, पण तुमचं कार्ड तीस जणांच्या गठ्ठ्यात जातं. नाव-पत्त्याची यादी विकत घेऊन पाठवलं तर नवीन घर घेतलेल्यांनाच गाठता येतं, मात्र परमिट, यादी, पत्त्यांची छपाई मिळून खर्च बराच वर जातो. ‘सगळं आम्ही करू’ म्हणणारे ऑनलाइन छापखाने जुड्याही बांधून देतात. त्यांच्याकडून दर घेताना पोस्टेज वेगळं सांगा म्हणावं. पोस्टेजचा दर सगळ्यांना ठाऊक आहे, त्यामुळे फरक लगेच दिसतो.

पाचपैकी चार तारे. एक तारा कापला तो ट्रॅकिंग नाही आणि दर सारखा हलतो म्हणून. पहिल्यांदा करणाऱ्याने एकच रूट घ्यावा, दुकानापासून गाडीने दहा मिनिटांच्या आतला. कार्डावर त्या रूटपुरता एक वेगळा शब्द छापावा, म्हणजे गिऱ्हाईक तो सांगेल तेव्हा कार्ड कुठून आलं ते कळेल. टेबलाशी वही ठेवून रोज एक रेघ मारावी. सहा आठवड्यांनी रेघा मोजून दुसरा रूट घ्यावा, आणि पोस्टात जाताना पट्टी बरोबर न्यावी.